कुंकवाची पाच बोटं

बहरीनमधल्या मनाम्याच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत गोदाबाईला ओळखत नाही असं सांगणारा माणूस एक तर कालच विमानातून उतरलेला असायचा, नाहीतर सरळ खोटं बोलत असायचा. उंची पाच फुटांच्या आत, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या पिकअपमधल्या गुंडूला हॉर्नची गरज लागू नये.

गाव अलिबागजवळचं नागाव. नवरा गलबतावर होता, तो एका पावसाळ्याआधी समुद्रात गेला तो गेलाच. सासरच्यांनी पंधराव्या दिवशी तिचा करंडा उचलून जावेच्या फळीवर ठेवला. कुंकवाला आता हिचा हात लागायचा नाही, हा त्याचा अर्थ. गोदाबाई तेव्हा सव्वीस वर्षांची. तीन वर्षांनी एका गोऱ्या इंजिनियरच्या मुलांची आया म्हणून बहरीनला निघाली तेव्हा जावेच्या फळीवरून करंडा उचलून तिनं ट्रंकेत टाकला, सगळ्यांच्या देखत. चोरी म्हणाल तर चोरी. तिचं म्हणणं, माझी वस्तू मी घेतली.

इंजिनियर मायदेशी परत गेला, गोदाबाई राहिली. गल्लीच्या टोकाला नजीबची रोटीची भट्टी होती. त्याचे आजोबा इराणातून आलेले, पण तो स्वतः इथेच जन्मलेला, इथलाच. त्यानं तिचा व्हिसा आपल्या नावावर घेतला. सकाळी त्याच्या घरी स्वयंपाक, आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीवर बावीस जणांचे डबे. बावीसही कोकणातले: सुतार, ड्रायव्हर, रंगारी. डबे पोचवायचं काम गुंडूचं. तो पोयनाडचा, भाजीची पिकअप चालवायचा आणि त्या बदल्यात दोन वेळ गोदाबाईकडे जेवायचा. खोली म्हणजे एक बाहेरची, एक आतली. आतल्या खोलीत तांदळाची पोती, कांदे आणि देव.

समोरच्या दारात मसूदा राहायची. साठीची, विधवा, शिवणकाम करणारी. मुलगा सालिम लंडनला, म्हणून गल्ली तिला उम्म सालिम म्हणे. गोदाबाईनं त्याचं मराठी करून टाकलं होतं: सालिमची आई. बाई ज्यू होती. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि एरवी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. अर्ध्या गल्लीतल्या बायकांचे झगे तिच्या मशीनवर शिवलेले असायचे.

या दोघींची गाठ पडली ती शनिवारामुळं. गोदाबाई नवी आली होती तेव्हा तिनं पाहिलं की ही बाई शनिवारी चूल पेटवत नाही, दिवा लावत नाही, मशीनला हात लावत नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, बाई आजारी आहेस का. गोदाबाईनं विचारलं नाही. नागावात तिच्या माहेरच्या परसाला लागून शनिवार तेल्यांचा घाणा होता. सहा दिवस बैल फिरायचा आणि शनिवारी घाणा गप्प. तेली लोक ज्यू आहेत हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं, पण शनिवारी शेजारणीनं न सांगता जाऊन चूल पेटवून यायची असते, हे तिला पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. ती रस्ता ओलांडून गेली, मसूदाचा स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि परत आली. मसूदा खुर्चीत बसून बघत राहिली. बगदादी बापाची ही लेक, आणि तिला शनिवार कळणारी बाई कुठून आली, तर अलिबागहून!

त्र्याहत्तर सालचा दसरा शनिवारी आला. त्या दिवशी गंमतच होती. चंद्र सगळ्यांचा एकच असल्यानं तिघांचीही दशमी एकत्र आलेली. नजीबच्या घरी रमजानचा दहावा रोजा, मसूदाचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास आणि गोदाबाईचा दसरा. मसूदा सकाळीच दाराला कडी-कुलूप घालून नात्यातल्या एका घरी प्रार्थनेला गेली होती, ती सूर्य मावळल्यावर येणार होती.

गोदाबाईनं करंडा काढला. दसरा हा तिचा सण होता, कारण गावात तो तिच्यापासून काढून घेतला होता. कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि हत्यारांना लावत सुटली. पाटा-वरवंटा, विळी, सुऱ्या, डब्यांची चळत. स्वतःच्या चौकटीवर पाच बोटं ओढली, वरून खाली. गुंडूच्या पिकअपच्या बॉनेटवर पाच बोटं. गुंडू म्हणाला, "आक्का, मालक इचारील, गाडीला काय रक्त लागलं."

"मालकाला सांग, हितं भाजी कापतात."

नजीबला तिनं आधी विचारलं होतं. तो हसून म्हणाला होता, भट्टी दिवसा बंदच आहे, कणकेच्या परातीला लाव काय लावायचं ते, संध्याकाळी आई धुऊन टाकेल. मग उरली मसूदाची शिलाई मशीन. ते गल्लीतलं सगळ्यात मोठं हत्यार. पण मशीन आत, दाराला कुलूप. गोदाबाईनं क्षणभर विचार केला आणि मशीनचा मान दाराला दिला. मलबारी सागाच्या जुन्या फळीवर तिनं पाच बोटं ओढली, ठसठशीत, आणि गावाहून पाकिटात आलेलं आपट्याचं वाळकं पान फटीत खोचलं. घरी येताना ती स्वतःवर खूष होती.

दुपारी तीनच्या सुमारास नजीबच्या भट्टीसमोर ट्रान्झिस्टर मोठा झाला आणि गल्ली त्याच्याभोवती गोळा झाली. सुवेझच्या काठावर लढाई जुंपली होती. माणसं एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होती, म्हातारे कान लावून बसले होते. आपल्या माणसांची जमीन गेली असेल तर माणूस असाच ऐकणार, त्यात वावगं काही नाही. गोदाबाईला त्यातलं एवढंच कळलं की आज चहा लवकर लागेल.

संध्याकाळी तोफ झाली, गल्लीचा रोजा सुटला. मसूदाचा अजून सुटायचा होता, तिला तारे दिसावे लागत. ती गल्लीत शिरली, आपल्या दारापर्यंत आली आणि थांबली. गोदाबाई तिच्यासाठी खजूर घेऊन उभी होती. मसूदा दाराकडे बघत मागं मागं येत राहिली, गोदाबाईच्या पायरीला टाच लागली तशी तिथंच बसली.

"गोदा, मेरा दरवाजा पे हाथ है. लाल हाथ."

गोदाबाई 'माझाच तो' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मसूदा बोलायला लागली. तिची हिंदी बाजारातली, मोडकी, पण त्या दिवशी तिला शब्द कमी पडले नाहीत. एक्केचाळीस साली ती बहिणीच्या बाळंतपणाला बगदादला गेली होती. एका सकाळी बघतात तर ज्यूंच्या दारांवर लाल हात उमटलेले. मग दोन दिवस त्या हातांप्रमाणं घरं फुटली. बहिणीचा नवरा त्यात गेला. मग सत्तेचाळीस साली इथं, मनाम्यातच, घरं लुटली गेली, तेव्हा नजीबच्या आईनं, नूरबानोनं, तिला आणि कडेवरच्या सालिमला पिठाच्या कोठीत लपवलं होतं. ती इराकची गोष्ट, ही इथली, पण मसूदाच्या डोक्यात दोन्ही एकाच दारातून आत यायच्या.

"किसी ने लिख के रखा," ती म्हणाली. "आज लड़ाई, आज ही हाथ."

गोदाबाईनं हातातला खजूर पदरात बांधला. सांगावं? सांगितलं की ही उठून घरी जाणार, हे नक्की. आणि भट्टीसमोर मघाशी एक जण म्हणालेलं तिनं ऐकलं होतं की शुक्रवारी नमाजानंतर मोर्चा निघणार. शिवाय खरं बोलायचं तर, तिला लाज वाटली. ज्या करंड्यासाठी ती सासरच्यांशी भांडली, त्याच्यातल्या कुंकवानं एका विधवेला पायरीवर आणून बसवलं होतं. गोदाबाईला रागावता यायचं, लाजता यायचं नाही. तिनं मसूदाचा दंड धरला आणि तिला आतल्या खोलीत पोत्यांमागं नेऊन बसवलं. नूरबानोकडे जातेस का, असं विचारलं तर मसूदानं मान हलवली. मागच्या वेळी ज्यानं लपवलं, त्याच्याकडेच आधी शोधतात.

तारे निघाले. मसूदानं उपास सोडला तो गोदाबाईच्या खजुरानं.

पुढच्या सहा दिवसांसाठी गोदाबाईनं बाजारातून नवं कोरं पातेलं आणलं आणि ते वेगळं ठेवलं. त्यात कोळंबी नाही, मटणाजवळ दूध नाही. हे सगळं तेल्यांच्या घरचं तिला पाठ होतं. गोदाबाईनं तिच्या घरून आणून दिलेल्या कपड्यांची मसूदा पोत्यांमागं बसून हातानं काजं करायची. गोदाबाई डबे भरायची. बोलणं थोडं. दोघींच्या मध्ये एक गोष्ट होती आणि ती एकीलाच माहीत होती.

सोमवारी गोदाबाई सोडा आणि काथ्या घेऊन ते दार घासायला गेली. तेलातलं कुंकू जुन्या सागानं पिऊन टाकलेलं. घासलं तसं ते निघण्याऐवजी पसरलं, पाच रेघांचा चांगला फताडा पंजा झाला. वर येणारे जाणारे बघायला लागले. दोन पोरं थांबून कुजबुजली. बुधवारपर्यंत गल्लीबाहेर बातमी होती की त्या यहुदी बाईच्या दारावर कुणीतरी खूण करून ठेवली आहे. गोदाबाईच्या कुंकवाला जो अर्थ नव्हता तो आता लोकांनी दिला होता.

बुधवारीच चंद्रशेखर आला. हा एका कंपनीत क्लार्क, शहराच्या अदलिया भागात राहायचा आणि मंडळाचा सेक्रेटरी म्हणून सगळ्या मराठी माणसांची काळजी करायचा, म्हणजे मुख्यतः स्वतःची. त्यानं पोत्यांकडे बघणं टाळत सांगितलं की आपण इथं पाहुणे आहोत, दुसऱ्यांच्या भांडणात पडलं की व्हिसा कट होतो, एकाचा नाही, पंचवीस जणांचा. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि गोदाबाई, राग मानू नका. पण कुंकवाला हात लावू नये म्हणतात ते उगीच नाही."

गुंडू डबे बांधत होता, त्याचा हात थांबला. गोदाबाईनं विळी पुसली.

"भाऊ, तुमची बायको गेली तवा तुमी दाढी करायची सोडली का?"

चंद्रशेखर चहा न घेता गेला. पण व्हिसाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हे गोदाबाईला त्याच्याहून जास्त कळत होतं. तिचं इथलं सगळं राहणं नजीबच्या एका सहीवर होतं. नजीब काही विचारत नव्हता. फक्त भट्टीवरून रोज सहा रोट्या यायच्या त्या रविवारपासून सात यायला लागल्या.

शुक्रवारी मोर्चा निघाला. मोठ्या रस्त्यानं गेला, घोषणा दिल्या, आपलं म्हणणं मांडलं आणि पांगला. त्यातली दहा-बारा पोरं मात्र गल्लीत वळली. भर दुपार, पोटात रोजा, डोकी तापलेली. ती मसूदाच्या दारासमोर थांबली. कुणीतरी हातानं तो लाल पंजा दाखवला. एकानं दारावर लाथ मारली. कडी जुनी होती, खुळखुळली.

गोदाबाईच्या आतल्या खोलीत मसूदानं सुई खाली ठेवली.

गुंडू दाराशी होता. तो म्हणाला, आक्का, दार लावून घे. गोदाबाईनं फडताळातून करंडा घेतला आणि बाहेर गेली.

लाथ मारणारा पोरगा तिच्या ओळखीचा होता, रोज रोटी घ्यायला यायचा. गोदाबाईची अरबी स्वयंपाकघरातली, व्याकरणाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. त्या पंजावर तिनं आपली पाच बोटं ठेवली.

"हादा अना," ती म्हणाली. "ही माझी बोटं. मी काढली."

पोरं बघत राहिली. एक जण म्हणाला, म्हातारी खोटं बोलतेय, हे रक्त आहे. गोदाबाईनं करंड्यातलं कुंकू चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं, हळद आहे म्हणाली, चुन्यात कालवलेली. मग त्या पोराची बाही धरून तिनं त्याला रस्ता ओलांडायला लावला आणि आपली चौकट दाखवली. तशीच पाच बोटं. पिकअपचं बॉनेट दाखवलं. तशीच. पण पोरगा तेवढ्यानं हटला नाही. त्याला आत बघायचं होतं. त्यानं उंबऱ्यावर पाय टाकला. तिथून पोती सहा पावलांवर होती.

गोदाबाईनं दार आणखी उघडलं. अर्धं लावलं असतं तर तो आत आलाच असता, हे तिला कळत होतं.

"चपला काढ," ती म्हणाली. "आत देव हाय माझा. तुमच्या मशिदीत मी चपला घालून येते का?"

पोराचा पाय तसाच राहिला. उंबऱ्यापलीकडे पाटा होता, त्याच्यावरही पाच बोटं. त्याला तेवढं दिसलं. त्यानं विचारलं, तुझं दार तुझं, पण तिच्या दारावर कशाला?

"तिची मशीन आत हाय म्हणून. माझा पाटा तशी तिची मशीन. आन् फोड ते दार, फोड. आत तुझ्या बहिणीचा ईदचा झगा हाय, गळा व्हायचा राहिलाय. तुझ्या आईला सांग, मीच फाडला."

मागून कुणीतरी हसलं. हसू दाबायचा प्रयत्न झाला, पण ते दुसऱ्याला लागलं. तेवढ्यात भट्टीच्या वरच्या खिडकीतून नूरबानो ओरडायला लागली. ऐंशीची बाई, दिसायचं कमी, पण आवाज सगळे ओळखीचे आणि जीभ शाबूत. तिनं एकेकाचं नाव घेऊन विचारलं की रोजा ठेवून तोंडातून हे काढता तर रोजा कशाला ठेवता, आणि माझाही झगा आत आहे, हिरवा, मी तो ईदला घालणार आहे. नावानिशी ओळखलेली पोरं उभी राहत नाहीत. ती गेली. जाताना एकानं दगड मारला, तो पिकअपला लागला. गुंडूच्या मालकानं त्या पोच्याबद्दल पुढं वर्षभर विचारलं.

गोदाबाई आत आली. मसूदा पोत्यांमागून बाहेर येऊन उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"वो हाथ तेरा था."

"माझा."

"छे दिन, गोदा."

गोदाबाईनं करंडा फडताळात ठेवला. भीती गेली तर ही घरी जाईल म्हणून सांगितलं नाही, शुक्रवार जाऊ दे म्हणून सांगितलं नाही, हे सगळं खरं होतं, आणि लाज वाटली म्हणून सांगितलं नाही हेही खरं होतं. मसूदानं काजं केलेले कपडे गाठोड्यात बांधले, रस्ता ओलांडला आणि आपल्या दाराचं कुलूप काढून आत गेली. त्या लाल पंजाकडे तिनं बघितलं नाही.

तिन्हीसांजेला, रोजा सुटल्यावर, नजीब आला आणि पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. तू माझ्या नावावर आहेस, पोलीस आले तर मी काय सांगू, रमजानात लोकांच्या दारावर रंग लावतेस? गोदाबाईनं ऐकून घेतलं. जाताना तो म्हणाला, उद्यापासून पुन्हा सहा रोट्या ना? गोदाबाई म्हणाली, सहा. सातवी समोर पाठव.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गोदाबाई सकाळपासून तीनदा दारात आली. समोरचं दार बंद. स्टोव्ह पेटवायला जावं, तर कुठल्या तोंडानं. त्या शनिवारी मसूदा थंड चहावर राहिली आणि गोदाबाईनं डब्यांच्या आमटीत दोनदा मीठ घातलं. बावीस जणांनी गुंडूला बोलून घेतलं.

आठवडाभर समोरून मशीनचा आवाज येत राहिला. ईद जवळ आली होती. पुढच्या शनिवारी गोदाबाई दारात आली तेव्हा समोरचं दार वीतभर उघडं होतं. तिनं काही वेळ ते वीतभर बघितलं. मग पदर खोचून गेली, स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. परत निघाली तशी मसूदा खुर्चीतूनच म्हणाली, "अगला साल, पूछ के."

"इचारून," गोदाबाई म्हणाली.

पुढच्या दसऱ्याला तिनं करंडा घेऊन मसूदाच्या पायरीवर उभं राहून विचारलं. मसूदानं नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शहात्तर साली तिनं दार उघडलं, गोदाबाईला आत घेतलं आणि मशीनच्या लाकडी फळीच्या खालची बाजू दाखवली, बाहेरून दिसणार नाही अशी. तिथं. दारावर कधीच नाही. गोदाबाईनं खाली वाकून पाच बोटं ओढली.

ऐंशी साली, दसऱ्यानंतर, सालिम येऊन आईला लंडनला घेऊन गेला. मशीन गोदाबाईकडे आली. उलटी करून ती पिकअपमध्ये चढवताना गुंडूनं फळीखालचे पाच वर्षांचे डाग बघितले आणि त्यांवर गोणपाट टाकला. चंद्रशेखर मात्र मंडळात ही गोष्ट सांगायला लागला होता. त्याच्या गोष्टीत शुक्रवारी गोदाबाईशेजारी तो स्वतः उभा असायचा.

चौऱ्याऐंशीत गोदाबाई नागावला परतली, ट्रंकेत तोच करंडा. आता तिला कुणी अडवणारं उरलं नव्हतं. जाऊ स्वतः विधवा झाली होती, आणि पहिल्या दसऱ्याला गोदाबाईनं तिचं बोट धरून कुंकवात बुडवलं. पण गावातल्या बायका एका गोष्टीला हसायच्या. आळीतल्या घरांना पाच बोटं ओढायला सगळ्या भराभर जायच्या, बंद दार असलं तरी लावून पुढं. गोदाबाई प्रत्येक दाराशी थांबायची, कडी वाजवायची. कुणी बाहेर आलं तर ताट पुढं करून विचारायची, "लावू का?"

आणि आत कुणी नसेल तर तशीच पुढं जायची.